सुट्या भागांची पत्रिका जुळवताना

रविवारची सकाळ. जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी आणि फळांची टोपली उचलून ओट्यावर गेलेली. त्यांच्या जागी जुनी चादर आणि तिच्यावर खोकीच खोकी. इंदूरच्या एखाद्या मराठी घरातले हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव, त्यांची मोठी बहीण, आणि हातात चहाचा कप घेऊन ‘मी नुसता बघतोय’ असे म्हणत खुर्ची पुढे ओढणारे बाबा. गेम खेळण्यासाठी घरच्या घरी संगणक जोडायचा बेत चार महिने शिजत होता. थोडे पैसे आजीने दिवाळीला दिलेले, थोडे बाबांच्या बोनसमधले, थोडे चिरंजीवांनी शिकवण्या घेऊन साठवलेले. एकूण सत्तर हजारांचा बेत. जेव्हा जिथे सवलत मिळेल तेव्हा तिथून एकेक भाग घेतलेला.

मदरबोर्ड बाहेर आला. त्यावर प्रोसेसर अलगद बसला. मग रॅमची पट्टी खाचेपाशी आली आणि अडली.

‘‘जरा जोर लावू का?’’ चिरंजीवांनी विचारले.

‘‘थांब, थांब!’’ ताई म्हणाली. तिने खोके उलटे करून त्यावरची बारीक अक्षरे वाचली. पट्टी होती डीडीआर४ जातीची. मदरबोर्ड होता एएम५ जातीचा, आणि त्याला चालते फक्त डीडीआर५. पट्टी जुलैच्या सेलमध्ये घेतलेली, त्यामुळे परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

या घराचे नाव-गाव शोधायला जाऊ नका; हे प्रातिनिधिक चित्र आहे. पण सुटे भाग घेऊन संगणक जोडणाऱ्या मंडळींना ते चांगलेच ओळखीचे वाटेल. दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखी, दोन्हींना २८८ संपर्कबिंदू. फरक फक्त मधल्या खाचेच्या जागेचा, तोही काही मिलिमीटरचा. ती खाच मुद्दामच हलवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या घरात जाऊ नये. आत बसणाऱ्या झाकणाच्या कुकरवर बाहेरून बसणारे झाकण चढत नाही, तसलाच हा प्रकार. जोर लावला की पट्टीही जाते आणि मदरबोर्डही.

सुरुवात पडद्यापासून

बहुतेक मुले यादी करताना सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्डाचे नाव लिहितात. खरे तर सुरुवात करावी ती मॉनिटरपासून. घरात १९२० बाय १०८० बिंदूंचा, सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा पडदा असेल, तर कार्डाला दर चित्रामागे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू रंगवायचे असतात. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या ३८४० बाय २१६० च्या पडद्यावर हाच आकडा जवळपास ८३ लाखांवर जातो, बरोबर चौपट. तेव्हा साध्या पडद्यासमोर भारी कार्ड आणून बसवणे म्हणजे गल्लीत चालवायला शर्यतीची मोटार घेण्यासारखे आहे. पडदा सेकंदाला ६० च चित्रे दाखवणार. कार्डाने दीडशे काढली तरी उरलेली डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाहीत.

आणि खेळणार काय, तेही आधी ठरवावे. ‘व्हॅलोरंट’सारखा स्पर्धात्मक खेळ तुलनेने हलका असतो. ‘सायबरपंक २०७७’सारखा २०२० साली आलेला खेळ आजही भल्याभल्या कार्डांना घाम फोडतो. चिरंजीवांनी पहिल्याचे नाव घेऊन दुसऱ्याचा खर्च मंजूर करून घेतला नाही ना, हे आईबाबांनी तपासलेले बरे!

तिघांचे त्रिकूट

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ही तीन मंडळी एकमेकांशी जन्माची बांधलेली असतात. यांची पत्रिका जुळली नाही, तर बाकी कशालाही अर्थ उरत नाही. म्हणून हे तीन भाग एकाच बैठकीत ठरवावेत, आणि शक्य तर एकाच दुकानातून, एकाच बिलावर घ्यावेत. वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळे घ्यायला गेले की इंदूरच्या घरातल्यासारखी फजिती होते.

पूर्वी हे बरेच सैल होते. १९९७-९८ च्या सुमारास ज्यांनी संगणक जोडला असेल, त्यांना ‘सॉकेट ७’ आठवत असेल. त्यात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के६ बसे आणि सायरिक्सचाही प्रोसेसर बसे. फक्त व्होल्टेज आणि वेग जुळवण्यासाठी मदरबोर्डावरचे चिमुकले जंपर चिमट्याने इकडचे तिकडे करावे लागत, आणि त्यात चूक झाली की प्रोसेसरची राख. आजच्या बाबा मंडळींपैकी अनेकांनी हे उद्योग केले आहेत. म्हणूनच ‘आमच्या वेळी सगळं सगळ्यात बसायचं’ असे ते म्हणतात, ते अगदीच खोटे नसते.

आता दोन कंपन्यांची दोन घराणी पूर्ण वेगळी. इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ साली बाराव्या पिढीबरोबर आले आणि तेराव्या-चौदाव्या पिढीपर्यंत टिकले. यात एक मेख आहे. या सॉकेटचे काही मदरबोर्ड डीडीआर४ घेतात, तर काही डीडीआर५. एकच बोर्ड दोन्ही घेईल, असे सहसा नसते. त्यामुळे ‘इंटेलचा बोर्ड आहे’ एवढ्यावर रॅम आणायला गेलात तर फसलात. बोर्डाचे पूर्ण नाव हवे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी पुन्हा नवे सॉकेट, एलजीए १८५१. तिथे फक्त डीडीआर५.

एएमडीच्या बाजूला एएम४ हे सॉकेट रायझनबरोबर २०१७ पासून घराघरांत पोहोचले. त्याला डीडीआर४ लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आले. त्याला फक्त डीडीआर५. एएम४ मध्ये टाचण्या प्रोसेसरच्या पोटाखाली असत. एएम५ मध्ये त्या मदरबोर्डाच्या सॉकेटमध्ये गेल्या; एकूण १७१८, केसासारख्या नाजूक. एखादी वाकली की दुरुस्ती अवघड, आणि वाकलेल्या टाचण्या बहुधा वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून प्रोसेसर वरून सरळ ठेवावा, सरकवू नये. कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळला की तो आपल्याच वजनाने बसतो.

सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असेही नाही. मदरबोर्डाच्या पोटात बायोस नावाचा छोटा कारभारी असतो. बोर्ड आधी कारखान्यातून निघाला आणि प्रोसेसर नंतर बाजारात आला, तर हा कारभारी नव्या पाहुण्याला ओळखतच नाही. मशीनचे पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. बायोस नवा करून घेतला की प्रश्न सुटतो. काही बोर्डांच्या मागच्या बाजूला त्यासाठी एक खास बटण असते. पेन ड्राइव्हमधून, प्रोसेसर न बसवताही काम होते. हे बटण नसेल तर दुकानदाराकडूनच बायोस नवा करून घ्यावा. खरेदीच्या वेळी तो हसत करून देतो, महिन्याभराने गेलात तर पैसे सांगतो.

प्रोसेसरच्या नावामागची अक्षरेही वाचायला शिकावे. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. एएमडीचा रायझन ५ ५६०० घेतला तर अंगचे ग्राफिक्स नाही, ५६००जी घेतला तर आहे. ज्यांना आज प्रोसेसर आणि सहा महिन्यांनी कार्ड अशी टप्प्याटप्प्याची खरेदी करायची आहे, त्यांच्यासाठी या एका अक्षराची किंमत मोठी आहे. इंटेलच्या नावामागचा ‘के’ म्हणजे वेग वाढवण्याची मुभा. पण ती वापरायला झेड मालिकेचा महागडा बोर्ड लागतो. शिवाय ‘के’ प्रोसेसरबरोबर खोक्यात पंखा येत नाही, तो खर्च निराळा.

रॅम घेताना दोन पट्ट्यांची जोडी एकाच पाकिटातली घ्यावी. सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन बऱ्या, कारण दोन वाटांनी माहिती धावते. चार घरे असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या घरात बसवाव्यात. बहुतेक बोर्डांच्या पुस्तिकेत हेच सांगितलेले असते. आणि खोक्यावर ६००० लिहिले आहे म्हणून पट्टी त्या वेगाने आपोआप धावत नाही. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या बोर्डावर एक्सएमपी, एएमडीच्या बोर्डावर एक्स्पो हा पर्याय चालू करावा लागतो. कित्येक घरांत पैसे वरच्या वेगाचे मोजलेले असतात आणि पट्ट्या वर्षानुवर्षे खालच्या वेगाने चालतात.

कार्ड मावेल ना?

ग्राफिक्स कार्डाचा दात मदरबोर्डाच्या लांब पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसतो, ती जुळणी सोपी. अडचण असते ती आकाराची. काही कार्डे २०० मिलिमीटर लांबीची, तर काही ३०० च्या पुढची. जाडीही दोन खाचांपासून साडेतीन खाचांपर्यंत. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त किती लांबीचे कार्ड मावेल, हे लिहिलेले असते. पुढच्या बाजूला पंखे किंवा रेडिएटर लावायचा असेल तर त्याची जाडी त्यातून वजा करावी. घरात नवे कपाट आणताना दरवाजाची रुंदी मोजतो ना, तसेच.

मदरबोर्डाचे मापही असेच. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. छोटा बोर्ड मोठ्या पेटीत सहज बसतो, उलटे जमत नाही. प्रोसेसरवर बसणारे मनोऱ्यासारखे कूलर साधारण १५५ ते १६० मिलिमीटर उंचीचे असतात. पेटी अरुंद असली की काचेचे दार लागत नाही, आणि मग ते कायमचे भिंतीला टेकून उभे राहते.

एक बारकावा मात्र फारसा कुणी सांगत नाही. स्वस्त कार्डांपैकी काहींना माहितीच्या वाटा कमी असतात. आरटीएक्स ४०६० ला सोळाऐवजी आठ वाटा आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच. नव्या बोर्डावर ही उणीव जाणवत नाही. पण बी४५० सारख्या पीसीआय एक्सप्रेस ३ च्या जुन्या बोर्डावर प्रत्येक वाट निम्म्या वेगाची, आणि तिथे चार वाटांचे कार्ड चांगलेच लंगडते. जुन्या मशीनमध्ये नुसते कार्ड बदलून भागवू पाहणाऱ्यांनी हे आधी बघावे.

पेटीतला वीज मंडळाचा इंजिनिअर

आता पुन्हा इंदूरच्या टेबलाकडे. रॅमचे पैसे पाण्यात गेल्यासारखेच होते. नवी डीडीआर५ जोडी घ्यायची, तर तेवढी रक्कम कुठून तरी वाचवायला हवी. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर झपाट्याने चढले. चिरंजीवांनी तोडगा काढला. माळ्यावरच्या २०१२ सालच्या संगणकातला एसएमपीएस काढून नव्याला लावायचा.

‘‘बाबा, चारशे पन्नास वॅटचा आहे. आपल्याला पुरतो.’’

हा तोडगा मात्र कोणत्याही घराने मान्य करू नये. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या नाजूक मंडळींना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची शिस्तीत वाढणारा भाग. खेळाचा वेग त्याने वाढत नाही, दिव्यांची रोषणाई त्याला नसते, म्हणून काटछाटीची कुऱ्हाड नेहमी त्याच्यावर. पण तो बिघडला तर एकटा जात नाही. मदरबोर्ड, कार्ड, प्रोसेसर यांना बरोबर घेऊन जाऊ शकतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तिथे ३८ असतील तर १२ गुणिले ३८ म्हणजे ४५६ वॅट. आजचे प्रोसेसर आणि कार्ड याच १२ व्होल्टवर जगतात. स्वस्त पेट्यांबरोबर ‘फुकट’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेले असते आणि १२ व्होल्टचा हिशेब केला की अडीचशेही भरत नाहीत, असे आढळते. ‘८० प्लस’ची खूण असेल तर निदान विजेची नासाडी किती, याची परीक्षा झालेली असते.

हिशेब अवघड नाही. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त सुमारे ८८ वॅट ओढतो. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट. मदरबोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज होते पावणेतीनशेच्या आत. कार्ड क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढते, उन्हाळ्यात आतली हवा तापते आणि दोन वर्षांनी थोडे मोठे कार्ड घ्यायचा मोह होतोच. म्हणून चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस इथे योग्य. कार्डाची कंपनीही ४०६० साठी ५५० चीच शिफारस करते. आरटीएक्स ४०९० ची गोष्ट वेगळी. ते एकटेच ४५० वॅटचे, आणि त्याला ८५० ची शिफारस आहे.

एक सूचना लाल शाईने लिहावी अशी. ज्या एसएमपीएसच्या वायरी सुट्या होतात, त्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. टोके दिसायला सारखी, बसतातही. पण आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. एका क्षणात एसएसडी किंवा मदरबोर्ड जळतो.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली अर्थिंगची. पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनला बोलावून तिसऱ्या पिनेची तपासणी करून घ्यावी. दुसरी यूपीएसची. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. त्यावर संगणक, मॉनिटर आणि राउटर एकदम टाकले, खेळ ऐन रंगात आला आणि वीज गेली, की तोही अंग टाकतो.

बाबांनी माळ्याची शिडी काढू दिली नाही. काटछाट झाली ती पेटीत. रंगीबेरंगी दिव्यांची काचेची पेटी यादीतून गेली आणि पुढे जाळी असलेली साधी पेटी आली. हवेच्या दृष्टीने ती उलट जास्त चांगली. चुकून घेतलेली डीडीआर४ जोडी भोपाळच्या मामेभावाने निम्म्या किमतीत घेतली. त्याचा संगणक एएम४ चा.

एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एम.२ च्या पट्टीवर २२८० लिहिलेले असते, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. ती एनव्हीएमई जातीची आहे की साटा, आणि बोर्डाची खाच कोणती घेते, एवढे पाहावे. आजकाल एकेक खेळ दीडशे जीबी जागा मागतो, तेव्हा ५१२ जीबीवर थांबू नये.

बिल सांभाळा

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग), बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर, कोलकात्याचा चांदनी बाजार. या गल्ल्यांत आजही सगळे मिळते. ‘‘बिल हवं तर अठरा टक्के वर’’ हे वाक्यही मिळते. हो म्हणावे आणि पक्के बिल घ्यावे. त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटी त्याच्यावरच चालते. परदेशातून कुणी आणलेले कार्ड स्वस्त पडते, पण भारतातले सेवा केंद्र ते हातात घेईलच असे नाही. बिल असून दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर ते ‘खणण्याचा’ धंदा बसला, आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. काही चांगली निघाली, काहींचे पंखे महिन्यात बसले. त्याहून वाईट म्हणजे जुन्या कार्डाचा बायोस बदलून त्याला नव्याचे नाव देणारे महाभाग. जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम अशी सोंगे बऱ्याचदा उघडी पाडतो. विक्रेत्यासमोर तो चालवून बघावा. टाळाटाळ झाली तर घरी यावे.

दोन रविवारांनंतर इंदूरच्या त्या टेबलावर पुन्हा चादर पसरली. या वेळी रॅम ‘टक्’ आवाज करून बसली. पेटीत बोर्ड गेला, मागच्या पितळी खुंट्या मोजून झाल्या, कार्ड बसले, वायरी लागल्या. बटण दाबले, पंखे फिरले. पडदा काळा.

आधी ताईच्या लक्षात आले की मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या पाठीत खुपसली आहे. ती काढून ग्राफिक्स कार्डाला लावली, तरीही काळोखच. चिरंजीवांचा हात बटणाकडे गेला, तो बाबांनी धरला. पुस्तिकेत लिहिले होते की एएम५ चा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना नव्या रॅमशी ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटे लागू शकतात; मध्येच बंद करू नये. चौघेही उभे. आईने गॅस बारीक केला आणि तीही दारात येऊन थांबली. एक मिनिट. दोन. तिसरे उलटून गेले आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. सोळा जीबी रॅम, प्रोसेसरचे नाव, तापमान ४१ अंश.

‘‘आता खेळ दाखव बघू,’’ आई म्हणाली.

‘‘आई, अजून विंडोज टाकायची आहे.’’

‘‘मग ते तुझ्या खोलीत टाक. मला पानं घ्यायची आहेत.’’